लाल आकडा, हिरवा आकडा

दहा दिवसांपूर्वी मीच अलाइनमेंट करून, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, दिलेली गाडी सकाळी पहिल्या नंबरला दारात उभी होती. मालक पंचविशीचा पोरगा. गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा त्याने मित्राला हाताशी घेऊन स्वतःच टाकल्या होत्या. हातात माझ्याच मशीनची कोनांच्या आकड्यांची प्रिंट, चार घड्या पडलेली.

"काका, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. आणि हा लाल आकडा तेव्हापासून डोक्यातून जात नाही."

लाल आकडा कॅम्बरचा. पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली, उणे १.१ अंशाच्या आसपास. मशीनमधली हद्द कंपनीच्या मूळ उंचीसाठी भरलेली असते. गाडी खाली बसवली की कॅम्बर तिच्याबाहेर जाणारच. दोन्ही बाजूंना सारखा असला की गाडी खेचत नाही. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. टायर खाण्याचं खापर सगळे कॅम्बरवर फोडतात. माझ्या मते खरा खादाड टो, म्हणजे चाक पुढून आत (अधिक) किंवा बाहेर (उणे) वळलेलं असणं. एका चाकाचा टो ०.१ अंशाने चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासटलं जातं. आणि प्रिंटवर टो होता हिरवागार. मीच केला होता.

गाडी रॅम्पवर घेतली. हवा तपासली, चारही चाकांचं रनआउट, म्हणजे फिरताना रिम किती डोलते ते, काढलं, गाडी पुढून-मागून दाबून हलवली, स्टिअरिंग सरळ करून लॉक केलं. डाव्या चाकाचा टो उणे ०.१८. दहा दिवसांपूर्वी तो अधिक ०.०५ होता. उजवा जवळजवळ जागच्या जागी.

खरं सांगायचं तर हात पान्याकडे गेलाच होता. चेक नट सैल करायचा, चाक वळवणारा टाय रॉड थोडा फिरवायचा, आकडा हिरवा झाला की संपलं. पाच मिनिटांचं काम. पण चेक नटवरची माझी खडूची रेघ जशीच्या तशी होती. नट हलला नाही, रॉड वाकलेला नाही, मग आकडा गेला कुठे? आणि उजवीकडचा का नाही गेला?

"स्पीडब्रेकरवर काही आवाज येतो का?"

"डावीकडून करकर येते. नवीन स्प्रिंग आहे, बसेल म्हटलं."

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. डावी बाजू उजवीपेक्षा ६ मिलिमीटर उंच. मागच्या वेळी हे माप मी घेतलंच नव्हतं. स्प्रिंगा बदलून आलेल्या गाडीची उंची न मोजता तिला थेट मशीनवर घेतलं, हा शहाणपणा माझाच.

"डावीकडचा स्प्रिंगचा स्ट्रट काढताना लोअर आर्मचे बोल्ट सैल केले होतेस?"

"हो, तिकडचा निघतच नव्हता. उजवीकडचा तसाच निघाला."

"आणि परत आवळले कधी?"

"तिथेच. गाडी जॅकवर असताना."

हा प्रश्न मी दहा दिवसांपूर्वी विचारायला हवा होता. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा. त्याच्या सांध्यातल्या बुशमध्ये आतली नळी आणि बाहेरची नळी रबराने एकमेकींना चिकटलेली असतात. आर्म वर-खाली होतो तेव्हा बुश गरगर फिरत नाही, रबर पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी त्या स्थितीत जखडली जाते. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच आपली विश्रांतीची जागा समजतं. मग गाडी जमिनीवर उतरली की पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत राहतं आणि तो कोपरा उचललेला राहतो. दहा दिवसांच्या खड्ड्यांनी रबर थोडं दमलं, डावी बाजू थोडी खाली आली, आणि मी जुळवलेला टो तिच्याबरोबर गेला.

उंची बदलली की टो बदलतो, कारण लोअर आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरतात. या गाडीत खाली बसताना चाक पुढून बाहेर फाकतं.

मशीन चालूच ठेवलं, पोराला स्क्रीनसमोर उभं केलं आणि खाली जाऊन, चारही चाकांवर वजन असतानाच, डाव्या आर्मचे आतले बोल्ट सैल केले. दुसरा बोल्ट सुटताना 'ठक' असा आवाज आला, आणि वरून पोरगा ओरडला, "काका, आकडा पळाला!"

टाय रॉडला कुणी हात लावलेला नव्हता. पिळलेलं रबर सुटलं, डावी बाजू खाली बसली आणि उणे ०.१८ चा उणे ०.३१ झाला होता. इतकी वर्षं हे काम करतोय, पण बोल्ट सैल करताना आकडा असा नजरेसमोर पळताना क्वचितच दिसतो. एरवी आपण गाडीखाली असतो आणि स्क्रीनकडे कुणाचं लक्ष नसतं. पाच मिनिटांत हिरवा करून दिला असता, तर हाच पोरगा महिन्याने तिसऱ्यांदा आला असता.

गाडी पुन्हा दाबून हलवली. दोन्ही बाजूंच्या उंचीत १ मिलिमीटरचा फरक उरला. बोल्ट तिथेच, गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचने आवळले. मग टाय रॉड. चेक नट आवळण्याआधी रबरी बूट पिळलेला नाही ना, तेही पाहिलं. एका दिवसात दोन पिळलेली रबरं नको होती. मागे सरळ बीम, तिथे फिरवायला काही नाही. स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घेतला. हेडलाइटही तपासले, थोडे वर घ्यावे लागले.

चक्कर मारून आलो, पुन्हा रॅम्पवर घेतली. टो दोन्हीकडे अधिक ०.०५. करकर गेली. बुशवर सध्या चीर दिसत नव्हती. हजार किलोमीटरनंतर दाखवायला ये म्हटलं, तोवर स्प्रिंगाही पुरत्या बसतील. नव्या प्रिंटच्या मागे चारही चाकांची उंची पेनने लिहून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्याने कागद उलटून पुढची बाजू पाहिली.

"काका, कॅम्बर अजून लालच आहे."

"लालच राहणार."