‘जरा’ला इंग्रजीत काय म्हणतात?

मिरजेत माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी हेच विचारते, “मॅडम, आधी ग्रामर पक्कं करू का?” आता तर लग्नकार्यात भेटणारे लोकही विचारतात. कुणी मुलासाठी, कुणी सुनेसाठी, कुणी हळूच स्वतःसाठी. उभ्याउभ्या मी दोन वाक्यं सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागून राहते, की नीट सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

आधी ग्रामर नको. आधी हे बघा, की दिवसभरात तुम्ही बोलून काय काय करता. कुणाची समजूत घालता, कुणाला नाही म्हणता, उशीर झाला म्हणून चुकलं म्हणता, मोठ्या माणसाला न दुखवता त्याची चूक दाखवता. ही सगळी कामं तुम्हाला मराठीत उत्तम येतात. हीच कामं इंग्रजी बोलणारी माणसं कोणत्या शब्दांनी करतात, ते शिकायला लागा. ग्रामर त्याच्या मागोमाग येतं, आणि तेव्हा ते डोक्यात बसतं.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली नर्स आहेत. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथल्या मुली आखातात जातात, अलीकडे इंग्लंडला जातात. इंग्लंडसाठी त्यातल्या बऱ्याच जणी ओईटी नावाची, दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. हातात एक कार्ड मिळतं, तयारीला दोन-तीन मिनिटं, आणि समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. उच्चार, ग्रामर, शब्द यांचे गुण असतातच. पण पेशंटशी नातं कसं जोडलंत, त्याला कसली काळजी आहे ते ओळखलंत का, सांगायचं ते टप्प्याटप्प्यानं सांगितलंत का, याचेही गुण असतात.

मागे एक मुलगी आली होती, टेन्सचा अख्खा तक्ता तोंडपाठ. तिला मी कार्ड दिलं: वयस्कर गृहस्थ, रक्त तपासायचंय, सुईला घाबरतात. पेशंट मीच झाले. ती समोर बसली आणि म्हणाली, “गिव्ह मी युवर हॅन्ड. आय विल टेक ब्लड.” ग्रामरची एकही चूक नाही. पण माझा हात आपोआप मागे गेला.

मी तिला म्हटलं, “थांब. इंग्रजी सोड. तुझ्या वॉर्डात असे आजोबा असते तर काय म्हणाली असतीस?”

क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, “आजोबा, जरा हात द्या हं. मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स. झालंच.” हे म्हणताना तिचा आवाज खाली आला, ती किंचित वाकली, आणि तिचा हात माझ्या मनगटाखाली आला. आधीच्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. तिला पेशंटला धीर देता येत होता, आणि इंग्रजीतून तेवढं करायचं राहून गेलं होतं.

मग आम्ही त्या एका वाक्याला तासभर बसलो. मुंगीचं काय करायचं? ती म्हणाली, “लाइक ॲन ॲन्ट बाइट?” समजेल, पण इंग्लंडमधल्या नर्सेस सुई टोचायच्या आधी म्हणतात, “शार्प स्क्रॅच.” किंवा “जस्ट अ शार्प स्क्रॅच.” या दोन शब्दांचा मराठी अर्थ काढत बसलात तर अणकुचीदार ओरखडा वगैरे हाती लागेल. काम मात्र मुंगीचंच. सावध करायचं, दुखणं छोटं करून सांगायचं, आणि लगेच संपेल असा भरवसा द्यायचा. आपली मुंगी तिकडे गेली की तिचा ओरखडा होतो.

त्याहून अवघड म्हणजे ‘जरा’ आणि ‘हं’. शब्दकोशात ‘जरा’ म्हणजे थोडं. पण ‘जरा हात द्या’ म्हणताना आपल्याला थोडासाच हात नको असतो. तो ‘जरा’ हुकमाची धार काढून घेतो. इंग्रजीत हे काम ‘जस्ट’ करतो आणि ‘कॅन यू’ करतो. ‘हं’चं काम करणारं एक सुंदर शेपूट त्यांच्याकडे आहे, ‘फॉर मी’. “कॅन यू जस्ट रोल युवर स्लीव्ह अप फॉर मी?” माझ्यासाठी बाही वर कराल का, असा त्याचा अर्थ लावू नका. ‘बाही जरा वर घ्या हं’, एवढाच तो अर्थ. त्या मुलीनं हे वाक्य पाच-सहा वेळा म्हटलं, आणि सातव्या वेळी तिचा आवाज आपोआप वॉर्डातल्यासारखा खाली आला. त्या दिवशी ‘कॅन’चं ग्रामर मी शिकवलं नाही, तिला ते आलं.

आपली मराठी माणसं इंग्रजीत उद्धट वाटतात ती इथे अडकतात म्हणून. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला आहे. दे, द्या, द्याल का, देता का जरा. ‘बसा’ म्हटलं की मान दिला गेला, वेगळं ‘कृपया’ कशाला? घरात तर ‘आभारी आहे’ म्हटलं तर माणसं दचकतील. इंग्रजीत ‘सिट’ला आदराचं रूप नाही. तिथे आदर वाक्याच्या घडणीत, प्रश्नाच्या रूपात, ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’मध्ये वाटला गेलाय. आपण मनात ‘बसा’ म्हणतो, तोंडातून ‘सिट’ निघतं, आणि वाटेत ‘आ’ची मात्रा गळून पडते. मनातला मान समोरच्यापर्यंत पोचतच नाही.

याचा चटका मला स्वतःला बसलाय. मी तासगावकडची. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमच्यानंतर बऱ्याच काळानं. दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली आले होते. पुढे पुण्यात एका ऑफिसात मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारलं, “वुड यू माइंड वेटिंग आउटसाइड?” मी ठामपणे म्हणाले, “येस, सर.” बाहेर थांबायला माझी हरकत आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलाला सांगावं तसं दाराकडे बोट करून म्हणाले, “आउट… साइड.” मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आपलं काय चुकलं हे कळायलाही मला पुढे काही वर्षं लागली. ‘माइंड’चा अर्थ मला पाठ होता. ‘वुड यू माइंड’ हे ‘थांबता का जरा’ आहे, आणि त्याला होकार द्यायला ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचं असतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला इंग्रजी वाक्यं दिली, ती वाक्यं कोण कुणाला कधी म्हणतं हे दिलं नाही.

ही काही माझ्या मनची थिअरी नाही. इंग्लंडमधले तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली, त्यांचा गाभा हाच, की बोलणं हे करणं असतं. वचन देतो, माफी मागतो, इशारा देतो ते शब्दांनीच. पुढे अमेरिकेतले डेल हाइम्स यांनी मांडलं, की भाषा येणं म्हणजे बरोबर वाक्य करता येणं एवढंच नव्हे. कुणाशी, कुठे, कधी, काय बोलावं हे येणंही त्यातच आलं. आणि आपल्या जवळचं उदाहरण एन. एस. प्रभूंचं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगलोर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये मुलांना ग्रामरचे धडे बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिलं. मुलांसमोर रेल्वेचं वेळापत्रक, नाहीतर नकाशा. अमुक गावाला अमुक वेळेपर्यंत पोचायचं तर कोणती गाडी घ्यावी? मूल गाडी शोधण्यात गुंतलं की इंग्रजी हाताशी येणारं हत्यार होतं. मन अर्थामध्ये गुंतलेलं असताना ग्रामर आतल्या आत रुजतं, असं त्यांचं म्हणणं. जगभरच्या भाषाशिक्षकांनी त्या प्रयोगाची दखल घेतली, आणि तो आपल्याच दक्षिणेकडच्या राज्यांत, फळा-खडूच्या वर्गांत झाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

मीही ते करते. मिरज जंक्शनचं गाव, त्यामुळे सामान शोधावं लागत नाही. एकीच्या कागदावर महालक्ष्मी एक्सप्रेसची माहिती, दुसरीच्या कागदावर कोयना एक्सप्रेसची. एकमेकींचा कागद बघायचा नाही, कोणती गाडी घ्यायची ते विचारून ठरवायचं. पहिली दहा मिनिटं शांतता असते. मग कुणीतरी मोडकंतोडकं विचारतं, आणि उत्तर मिळाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला वर्षानुवर्षं बघायला मिळतंय. आपण विचारलं, आणि समोरचीला कळलं!

या कामांतलं सगळ्यात मोठं काम कोणतं म्हणाल, तर परत विचारणं. मराठीत “काय म्हणालात?” हे आपण दिवसातून वीस वेळा म्हणतो. इंग्रजीत मात्र लाज वाटते, आणि न कळताच मान डोलावतो. आपल्या त्या मान डोलावण्यातून हो की नाही हेही परक्या माणसाला कळत नाही. वॉर्डात याची किंमत पेशंट मोजतो. इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. औषध पंधरा मिलिग्रॅम की पन्नास? म्हणून मी पहिल्या आठवड्यातच घोटून घेते: “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” आणि त्यापुढे, “इज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?” आकडा सुटा करून परत म्हणून दाखवायचा. ज्या मुलीला न लाजता परत विचारता येतं, तिच्या इंग्रजीची मला काळजी वाटत नाही.

इंग्लंडमध्ये लीड्सला गेलेल्या एका विद्यार्थिनीनं तिसऱ्याच दिवशी फोन केला. रडवेली झाली होती. “मॅडम, इथे जो तो मला ‘यू ऑल राइट?’ विचारतो. मी आजारी दिसते का? काही चुकतंय का माझं?” तिला विचारलं, “तुझ्या आईच्या शेजारच्या काकू सकाळी काय विचारतात?” म्हणाली, “झाला का चहा?” “मग तू त्यांना किती कप झाला, साखर किती होती ते सांगतेस का?” पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग ती मोकळी हसली. ‘यू ऑल राइट?’ हा त्यांचा ‘झाला का चहा’ आहे. उत्तर तेवढंच: “या, यू?” आणि चालू लागायचं.

नाव विचारण्याचंही तसंच. आपण पेशंटला नाव विचारत बसत नाही, नातं लावतो. आजी, मावशी, दादा. तिथे पहिल्यांदा विचारायचं, “व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?” आणि त्याआधी स्वतःचं नाव सांगायचं. हे गोऱ्यांना जन्मतः येतं असं समजू नका. यॉर्कशरमधल्या डॉ. केट ग्रेंजर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. २०१३ साली हॉस्पिटलात दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं, की तपासायला येणारी कितीतरी माणसं आपलं नावही सांगत नाहीत. त्यातून त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ साली त्या गेल्या, पण आजही तिथल्या हॉस्पिटलांतले लोक ती अक्षरं असलेला बिल्ला छातीवर लावतात. इंग्रजीतच जन्मलेल्या माणसांनाही माणसाशी बोलायचं कसं हे शिकावं लागलं. माझ्या प्रत्येक बॅचला मी हे सांगते, कारण त्यानंतर मुलींच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं.

ग्रामरशी माझं वैर नाही. लिहायचं असेल, रिपोर्ट द्यायचा असेल, तर ते लागतंच, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुली स्वतःहून मागतात. “मॅडम, ‘हॅव यू टेकन’ आणि ‘डिड यू टेक’मध्ये फरक काय?” तेव्हा मी फळ्याशी जाते. पेशंटनं गोळी घेतली का हे विचारायची वेळ आलेली असते, म्हणून तो फरक तिला हवा असतो.

तर तुम्ही असं करा. एक साधी वही घ्या. आज दिवसभरात तुम्ही बोलून जी कामं केलीत, त्यातली पाच लिहा, मराठीतच, जशी बोललात तशीच. कंडक्टरकडे सुटे मागितले असतील, पोराला रागावून मग जवळ घेतलं असेल, सासूबाईंना नको असलेलं जेवण टाळलं असेल. ‘जरा’, ‘हं’, ‘ना’, ‘बरं का’ गाळू नका, त्यांच्याखाली रेघ ओढा. शेजारी लिहा, हे कुणाला म्हणालात आणि समोरच्यानं काय केलं. मग ती वही घेऊन या. संध्याकाळी साडेपाचनंतर मी घरीच असते.