८८ डॉलरचा चेक आणि जन्मठेप

अमेरिकी न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्यूरी, उलटतपासणी आणि वकिलांची रंगलेली भाषणे येतात. प्रत्यक्षात तेथील बहुतेक दोषी ज्यूरीचे तोंडही पाहत नाहीत. संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी गुन्ह्याच्या कबुलीतून होतात, असे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नोंदवले आहे. सरकारी वकील आरोप सौम्य करतो किंवा कमी शिक्षेची शिफारस करतो आणि आरोपी त्याबदल्यात सहाव्या घटनादुरुस्तीने दिलेला ज्यूरीपुढील सुनावणीचा हक्क सोडतो. यालाच प्ली बार्गेनिंग म्हणतात.

खटल्यांचा ढीग पाहता ही सोय समजण्यासारखी आहे, पण नकार देणाऱ्याचे काय होते ते पाहावे. केंटकी राज्यात पॉल हेज याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वापरल्याचा आरोप होता. त्यासाठी दोन ते दहा वर्षांची शिक्षा होती. कबुली दिल्यास पाच वर्षांची शिफारस करतो, नाहीतर पूर्वीच्या दोन गुन्ह्यांच्या आधारे सराईत गुन्हेगाराचे कलम लावतो, असे सरकारी वकिलाने त्याला सांगितले. हेजने खटला लढवला, तो हरला आणि त्याला जन्मठेप झाली.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा कायम ठेवली. प्रस्ताव स्वीकारण्यास किंवा नाकारण्यास आरोपी मोकळा होता, त्यामुळे ही सूडाची कारवाई ठरत नाही, असा बहुमताचा युक्तिवाद होता. मला न्यायमूर्ती पॉवेल यांचे भिन्नमत अधिक पटते: जे कलम सरकारी वकिलाला आरंभी आवश्यक वाटले नव्हते, ते पुढे केवळ घटनात्मक हक्क बजावणाऱ्याला दंड म्हणून आले. एका बाजूला पाच वर्षे आणि दुसऱ्या बाजूला उरलेले आयुष्य असताना निर्दोष माणूसही कबुलीकडे झुकेल. (भारतात सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना प्ली बार्गेनिंगची तरतूद लागूच होत नाही, त्यामुळे जन्मठेपेचा धाक या वाटाघाटीत येत नाही.)

२०१२ च्या त्या निकालात, सरकारी वकिलाचा प्रस्ताव आपल्या अशिलापर्यंत पोहोचवणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य ठरवले गेले. तो प्रस्ताव कोणत्या धाकासह येतो, याबाबत मात्र हेज खटल्यातील निर्णय आजही कायम आहे.