परदेशात शिकवायला गेलं की पहिली टर्म अंगावर येते

सुट्टीत इंग्लंडहून दादरला घरी आलेय. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो किती वाळलीस गं, आणि मग विचारतो की तिकडे वर्गात तीसच मुलं असतात ना, एवढं दमायला काय होतं? मी इथे साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळलेत, तेही सकाळची लोकल पकडून, तरी अशी कधी आडवी झाले नव्हते, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडलेला. 2023 पासून भारतातल्या सायन्स-मॅथ्सच्या शिक्षकांना आपल्याकडच्या डिग्री आणि अनुभवावर इंग्लंडच्या क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या अधिकृत शिक्षक-पात्रतेसाठी, अर्ज करता येतो, ओळखीतल्या बऱ्याच जणी फॉर्म भरतायत, म्हणून जरा नीट लिहिते.

मी लेस्टरमध्ये फिजिक्स शिकवते. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली आणि लगेच घसा धरला, मग सर्दी, मग ताप, ताप गेला तर खोकला, खोकला जरा उतरतोय तोवर परत घसा. शाळा उघडल्या की तिथे सर्दीची लाट येतेच, आणि नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत.

पण मला भीती वाटली ती थकव्याची. शाळेतून आले की कोटसुद्धा न काढता पलंगावर पडायचे. मुलं भराभर बोलतात, शब्द अर्धे गिळतात, प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकायचं, त्यातून कोण खरंच विचारतंय आणि कोण टाइमपास करतंय हे ओळखायचं. मुंबईच्या वर्गात फळ्याकडे तोंड असलं तरी मागच्या बाकावर काय चाललंय ते मला कळायचं. ती जाण तिथे पहिल्यापासून कमवावी लागते आणि तोवर डोक्याला दिवसभर जरा म्हणून उसंत मिळत नाही. वर सीटिंग प्लॅन, मार्किंग, डेटा, आणि ताप असला तरी सकाळी उठून कव्हर वर्क, म्हणजे आपण नसताना वर्गाने करायचं काम, पाठवायचंच.

डॉक्टरचं वेगळंच. इथे खाली उतरलं, क्लिनिकमध्ये नंबर लावला की थोड्या वेळात औषध हातात. तिथे व्हिसाच्या वेळीच वर्षाला 1035 पाउंड हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, पण आधी जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, मग सकाळी फोन लावून थांबायचं, आणि मला तर फोनवरच सांगितलं की व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, आराम करा. सल्ला बरोबरच होता हो, पण कुणीतरी समोर बसून घसा बघावा असं फार वाटायचं. पुढे ब्लड टेस्ट झाली तेव्हा व्हिटॅमिन डी बरंच कमी निघालं. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हातून ते पुरेसं मिळतच नाही, रोज 10 मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करा असा एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, सगळ्यांनाच सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांना तर बारा महिने. निघायच्या आधी एवढी कागदपत्रं मागतात, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही, तेव्हा ताप अंगावर काढून वर्गावर जाऊ नका.

आईला आवाजावरूनच कळायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो, म्हणजे मी संध्याकाळी सातला मोकळी झाले की दादरला रात्रीचे साडेबारा. ती जागी राहायची. काही बोलायला नसलं तरी फोन चालू ठेवून बसायची. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर सुंठ, गूळ, मुगाची डाळ सगळं मिळतं हो, पण आजारी माणसाला ते आणून, शिजवून देणार कोण?

मला दिलं ते नायजेरियाहून आलेल्या मॅथ्सच्या टीचरने. झणझणीत मिरपूड घातलेलं सूप डब्यातून आणलं तिने, आणि सांगितलं की तिची पहिली टर्म अशीच गेली, ईस्टरनंतर अंगात जोर आला. माझ्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा मला त्या एका वाक्याने धीर आला.

जानेवारीत परत जातेय. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर जीपीकडे नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवा, आणि लेस्टरच्या आसपास असाल तर मला कळवा, मऊ भाताचा डबा मी घेऊन येईन.