नाला, लॅपटॉप आणि आज्जा

रविवारी शिवाराला जायचं होतं, खरं पावसानं घरीच बसवलं. पुतण्यानं लॅपटॉपवर क्यूजीआयएस, म्हणजे नकाशांचं सॉफ्टवेअर, उघडून बेळगावातल्या शहापूर-वडगावचं शिवार दाखवलं. उंच भाग तांबडा, सखल निळा. उंची 2000 साली अवकाशयानातून रडारनं मोजलेली, फुकट मिळते म्हणे. त्यावर पाणी 'सोडलं' की ते कुठं पळतं ते दिसतं. रेघ बरोब्बर बळ्ळारी नाल्याकडं!

आज्जा चष्मा पुसत म्हणाले, "होय रे, खरं ह्यात आमचा बांध कुठं हाय?"

नव्हताच. नकाशातला एकेक चौकोन 30 मीटरचा, त्याला एकच उंची. बांध, गटार त्यात विरघळून जातात. वर घरांची छपरं, झाडांचे शेंडेही जमिनीतच धरलेले. आणि 2000 नंतर पडलेले भराव तर त्याला ठाऊकच नाहीत. मग आज्जा बोट ठेवत गेले: 2019 च्या ऑगस्टात पाणी इथवर, इथं भात कुजला. पोरगं निमूट खुणा करत होतं.

2016 च्या पहिल्या 20 स्मार्ट सिटीत आमचं बेळगाव होतं. तेव्हा आज्जांसारख्यांना कुणी विचारलं काय की!

रात्री परत त्यांचंच, "इथं भराव टाकला तर पाणी कुणाच्या दारात जाईल, दाखव की." जेवण थंड झालं, दोघं अजून त्यातच.