विडाल आइसवाइन, 10 लिटर: आंबवणीची नोंद

आइसवाइन म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या रसाची गोड वाइन. हा रस कॅनडातल्या नायगारा द्वीपकल्पातल्या विडाल या पांढऱ्या द्राक्षजातीचा. ब्रिक्स (रसातली शेकडा साखर) 38, घनता (पाणी 1.000 धरून) 1.168. साध्या हायड्रोमीटरची, म्हणजे घनता मोजायच्या तरंगत्या नळीची, पट्टी बहुधा याआधीच संपते. अशा वेळी रस आणि डिस्टिल्ड पाणी समसमान घेऊन मोजायचं आणि 1.000 च्या पुढचा आकडा दुप्पट करायचा. इथे 1.084 आलं.

38 हा आकडा थंडीचा. उणे 8 अंशांना मण्यातलं बरंचसं पाणी बर्फ होऊन सालीतच अडकतं, दाबल्यावर गळतो तो साधारण 36 ब्रिक्सचा पाक. उणे 10 ला हाच 43 च्या आसपास जातो, पण धार बारीक होते. आणखी गारठलं की प्रेसवर जोर लावूनही थेंबच. कॅनडात तोडणी उणे 8 किंवा त्याखालीच, जर्मनीत उणे 7. साध्या वाइनला जेवढा रस निघाला असता त्याच्या 10 ते 15 टक्केच हाती येतो, आणि तोही द्राक्षं डिसेंबर-जानेवारीपर्यंत कूज आणि पाखरांतून वाचली तर. इनिस्किलिन या नायगारातल्या वायनरीचं 1983 चं पीक पाखरांनीच खाल्लं होतं. 2019 च्या हंगामात जर्मनीत पुरेशी थंडीच पडली नाही, आइसवाइन झालीच नाही. किंमत चढते ती यामुळे. विडालची साल जाड आणि मणी सहसा गळत नाहीत, म्हणून नायगारात ती जास्त.

दिवस 0. सगळा खेळ इथेच. मुरांब्याच्या पाकात बुरशी का धरत नाही? पाक तिच्यातलं पाणी ओढून घेतो. यीस्टचंही तेच होतं. पाकीट थेट रसात टाकलं तर बऱ्याच पेशी सुरुवातीलाच आडव्या होतात. म्हणून यीस्टचं विरजण टप्प्याटप्प्याने:

यीस्ट के1-व्ही1116, 5 ग्रॅम, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. साध्या वाइनच्या दुप्पट, इथे काटकसर नको. 125 मिली पाणी 43 अंशांना, त्यात 6 ग्रॅम गो-फर्म (यीस्ट भिजवतानाचं पोषण). 40 अंशांवर उतरलं की यीस्ट, 20 मिनिटं. मग निम्मं पाणी घालून 20 ब्रिक्सवर आणलेला रस 125 मिली, एक तास. त्यानंतर मूळ रस 250 मिली, दोन तास. तोवर विरजण 24 ब्रिक्सच्या घरात येतं आणि वर साईसारखा फेस धरतो. तो दिसला तरच बाकीच्या रसाच्या बादलीत ओतायचं. ओतताना दोन्हींच्या तापमानात 5-6 अंशांहून जास्त फरक नको. थंड रसात गरम विरजण ओतणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

दिवस 3. घनता 1.166. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) जवळजवळ गप्प. हे ठीकच आहे, घाबरून दुसरं पाकीट टाकू नये. फर्मेड-के (यीस्टचं खाद्य) 1.25 ग्रॅम.

दिवस 9. 1.145, खोली 16 अंश. फर्मेड-के आणखी 1.25 ग्रॅम, यानंतर खाद्य बंद. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारं यंत्र) आता ठेवून द्यायचा, अल्कोहोल आलं की तो चुकीचं वाचतो.

दिवस 20. 1.112. वासात जर्दाळू, मध, आणि मागे किंचित व्हिनेगर. ते थोडं असणारच. साखरेचा ताण सोसायला यीस्ट पेशीत ग्लिसरॉल साठवतं आणि तो हिशेब जुळवताना ॲसेटिक आम्ल सोडतं. म्हणूनच कॅनडात आइसवाइनला याची मर्यादा लिटरला 2.1 ग्रॅम, साध्या वाइनपेक्षा सैल. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर मात्र बॅच गेली. त्यावर नंतर इलाज नाही, यीस्ट उपाशी किंवा कमी पडलं की हे होतं.

दिवस 31. 1.094, अल्कोहोल 10 टक्क्यांच्या जवळ. थांबवलं. कार्बॉय (आंबवणीची मोठी बाटली) उणे 2 अंशांना पाच दिवस, मग साक्यावरून नितळ वाइन काढून आंबणं पुन्हा सुरू होऊ नये म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट 1.5 ग्रॅम आणि पोटॅशियम सॉर्बेट 2.5 ग्रॅम. नुसत्या थंडीवर भरवसा ठेवला तर उन्हाळ्यात बाटल्या उडतात. आम्लता लिटरला 10 ग्रॅम, तिच्याशिवाय एवढ्या गोडीची काकवीच झाली असती.

घरच्या फ्रीझरमध्ये द्राक्षं गोठवून करता येते का? येते, फक्त उणे 18 वरून उणे 8 पर्यंत सावकाश वर आणून दाबायची. निफाडच्या थंडीची बातमी होत असली तरी उणे 8 तिथे होत नाही, त्यामुळे नाशिकच्या द्राक्षांना हाच मार्ग. चव बरी येते, पण वेलीवर महिनाभर गोठत-वितळत जो मुरलेपणा येतो तो नाही, आणि कॅनडा-जर्मनीत तिला आइसवाइन म्हणताही येत नाही.

सध्या 9 लिटर शिल्लक, बेंटोनाइट (गढूळपणा खाली बसवणारी माती) घातलंय. निवळली की 375 मिलीच्या 23-24 बाटल्या.