एक सूत, दोन सूत

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. सकाळी आठच्या सुमारास फोन आला.

"सर, ग्राइंडरचं चाक फुटलं. मले जास्त लागलं नाई. पण तुमी येऊन पाहता का एकदा?"

पोरगा माझा जुना विद्यार्थी. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली, त्यातल्या शेवटच्या काही बॅचपैकी एका बॅचचा. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, घराच्याच पडवीत त्याने जुनी साडेचार फुटी लेथ बसवली आहे. पंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना, डवऱ्याच्या पाशी अशी गावाला लागणारी कामं करतो. सोंगणीच्या दिवसांत विळ्यांना धार लावून देतो.

उन्हाळ्यात त्याने मला विचारलं होतं, "सर, फोनवर सहा इंची बेंच ग्राइंडर दिसून राहिला, अर्ध्या एचपीचा, अडीच हजारांच्या आत. घेऊ का?" बेंच ग्राइंडर म्हणजे धार लावायचं मशीन, मोटरीच्या दोन्ही टोकांना एकेक दगडी चाक. मी सांगितलं, मोटरीचं वाइंडिंग तांब्याचं आहे का ते पाहा, अर्थिंगची तिसरी पिन असली पाहिजे, आणि घे. चाकाबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. मोटरसायकल काढली तेव्हापासून त्याच्या दारात उतरेपर्यंत हेच डोक्यात घुमत होतं.

त्याच्या डाव्या कोपराजवळ सात टाके पडले होते. ग्रामीण रुग्णालयातून तो नुकताच परतला होता. आई दारात बसलेली. मला पाहून म्हणाली, "मी त्याले चार दिवसांपासून मनून राहिली, हे मशीन लय हालते."

पडवीत गेलो. डावीकडच्या गार्डचा, म्हणजे चाकावरच्या झाकणाचा, पत्रा फणसाच्या सालीसारखा उलगडला होता. एक तुकडा त्यातच अडकलेला. दुसरा वर टिनातून आरपार गेला होता, तिथून आभाळ दिसत होतं. तिसरा त्याच्या कोपराला घासून मागच्या कुडाच्या भिंतीत रुतला होता. दारातून उजेड नीट यावा म्हणून तो चाकाच्या समोर उभा न राहता थोडा बाजूला उभा होता. समोर असता तर तुकडा बरोबर छातीच्या उंचीवर आला असता. मी ते अंतर हाताने मोजलं आणि थोडा वेळ तिथल्या स्टुलावर बसून राहिलो.

शेजारचे दोघे-तिघे जमले होते. त्यांचं एकच म्हणणं, रात्रीतून व्होल्टेज वाढलं आणि चाक फुटलं. आपल्याकडे कृषिपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं हे खरं, बल्ब उडतात तेही खरं. पण बेंच ग्राइंडरची मोटर इंडक्शनची असते. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या 50 सायकलवर ठरतो. दोन पोलच्या मोटरीचं चुंबकी क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं, शाफ्ट त्याच्या थोडा मागे, 2850च्या आसपास. व्होल्टेज चढलं तर मोटर तापेल, जळेल, पण चाक त्याहून जोरात पळणार नाही. म्हणजे चाक फुटलं ते नेहमीच्याच वेगात. आणि नेहमीचा वेग काही कमी नसतो. सहा इंची चाकाची कडा 2850 फेऱ्यांना सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. पाव किलोचा दगड त्या वेगाने सुटतो.

मी तिन्ही तुकडे ओट्यावर उन्हात आणून जोडले. तिन्ही भेगा मधल्या भोकाला जाऊन मिळत होत्या. दोन भेगांचा आतला भाग ताजा, करडा, स्वच्छ. तिसरीत मात्र भोकापासून अंगठ्याच्या पेराएवढा भाग काळा पडलेला, धूळ आणि तेल आत शिरून. ती चीर त्या सकाळची नव्हती, कित्येक दिवसांची होती.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

तो ओशाळला. "हालत होतं मनून नट अजून कसला सर. पान्याले पाइप लावून."

मग मी फ्लँज काढून मागितले. चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या चकत्या चाकाला दाबून धरतात, त्या. त्या पाहिल्यावर माझा राग पोरावरून उतरून कारखान्यावर गेला. बाहेरची 50 मिलिमीटरची, आतली जेमतेम 40ची, दोन्ही पातळ पत्र्यातून ठोकून काढलेल्या. नियम साधा आहे: दोन्ही फ्लँज सारख्या मापाचे, आणि निदान चाकाच्या व्यासाच्या एक तृतीयांश. सहा इंचाला दोन इंच. एक मोठी आणि एक लहान असली की नट आवळताना चाकाला वाक बसतो. लोखंड असतं तर वाकलं असतं. व्हिट्रिफाइड चाक म्हणजे भट्टीत भाजलेली माती, ती वाकत नाही, तडकते. त्यावर चाक आणि फ्लँज यांच्यामध्ये जो जाड कागद लागतो, दाब सगळीकडे सारखा पसरवणारा, तो नव्हताच. चाकाचं भोक सव्वा इंची, शाफ्ट अर्धा इंची, आणि मधली फट भरणारा प्लॅस्टिकचा बुश बोटाने फिरत होता. चाक मध्यावर बसलंच नव्हतं, म्हणून हलत होतं. पोराने हलणं थांबवायला नट आवळला, आणि चीर तिथे पडली.

बाकीचं मी त्याच्याकडूनच वदवून घेतलं. विळ्याची धार चांगली बसते म्हणून तो विळा चाकाच्या सपाट बाजूला दाबत होता. सरळ चाकाला बाजूचा जोर सोसत नाही, त्याचं काम कडेने करायचं. मध्यंतरी ॲल्युमिनियमचं एक झाकणही त्यावर घासलं होतं. ॲल्युमिनियम चाकाच्या दाण्यांत भरतं, चाक कापायचं सोडून नुसतं तापतं. आणि टूल रेस्ट, म्हणजे चाकासमोर काम टेकवायचा आधार, चाकापासून चांगलं बोटभर लांब होतं.

"रेस्ट आणि चाकात किती अंतर ठेवायचं?"

"एक सूत, सर."

"आणि गार्डच्या वरच्या जिभेला?"

"दोन सूत."

त्याला पाठ होतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर. चाक झिजत जाईल तसं रेस्ट आणि वरची पट्टी पुढे सरकवत राहायची, म्हणजे काम मध्ये ओढलं जात नाही आणि तुकडा सुटला तरी गार्डच्या आत राहतो. पण या मशीनच्या रेस्टला सरकायला फटच एवढी आखूड होती की एक सुतावर ते येतच नव्हतं. वरची जीभ तर दिलेलीच नव्हती. पाठ असून काय करणार होता तो?

मग म्हणाला, "सर, तुमी तं वाइंडिंग पाह्य मनलं होतं. ते तांब्याचंच हाये. चाकाचं काई सांगितलं नोतं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणालो, "हाव. माझं चुकलं."

उजवीकडचं बारीक दाण्याचं चाक शाबूत दिसत होतं. ते उतरवून मी तासभर उन्हात ठेवलं. पावसाळ्यात चाक ओल धरतं आणि ओलं चाक चांगलं असलं तरी बद्द वाजतं. घाईत वाजवलं तर चांगल्याला वाईट ठरवून बसू. तासाने भोकात बोट घालून ते टांगलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांवर, कडेपासून दीड इंच आत. मग चाक फिरवून पुन्हा. चांगलं चाक टणत्कार करतं, पितळेच्या वाटीसारखा. या चाकाचा दोन जागी बरा आवाज आला, तिसऱ्या जागी थप्. ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. पोराची आई लांब बसली होती, तिलाही फरक कळला. "हे पन फुटकं हाये का?" तिने विचारलं.

ते चाक मी घणाने फोडायला लावलं. तसंच भंगारात टाकलं असतं तर कुणीतरी उचलून घरी नेलं असतं, आणि अशी चाकं हातोहात फिरतात.

दुपारभर आम्ही लेथवर होतो. त्याच्या डाव्या हातावर जोर नको म्हणून हँडल मी फिरवलं, मापं त्याने घेतली. एम.एस.च्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, गोल सळईतून 55 मिलिमीटरचे चार फ्लँज काढले, चारही एकाच मापाचे. मधला भाग अर्धा मिलिमीटर खोल घेतला, म्हणजे दाब फक्त कडेच्या पट्टीवर येतो, भोकाजवळ नाही. नायलॉनचे दोन बुश शाफ्टला घट्ट सरकतील असे. गार्ड एक सुती प्लेटमधून नवीन वेल्ड करायचा ठरला, रेस्टला लांब फट पाडायची आणि जीभ बसवायची. वाइंडिंग, बेअरिंग, शाफ्ट ठाकठीक होते. मोटर खरंच चांगली निघाली. अडीच हजारांत मोटर मिळते. चाकं, फ्लँज आणि गार्ड त्यात मिळत नाहीत असं धरूनच चालावं, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो.

नवी चाकं अमरावतीहून मागवायची होती. ग्राइंडवेल नॉर्टन किंवा कार्बोरंडम युनिव्हर्सल, कुणाचंही चालेल, पण अंगावर दाण्याचा नंबर, बाँडचा, म्हणजे दाणे धरून ठेवणाऱ्या मसाल्याचा, व्ही आणि जास्तीत जास्त फेरे छापलेले हवेत. मशीनसोबत आलेल्या चाकावर फेऱ्यांचा आकडा नव्हता.

निघताना त्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली. नवीन चाक बसवलं की पहिलं मिनिटभर नुसतं फिरू द्यायचं, गार्ड लावून, आणि आपण बाजूला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे कुणी बोललंच नाही. आधी एक लांबलेला टणत्कार आला, मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही सारखे.

"आला का आवाज, सर?"

"आला. उन्हात ठेवलं होतं का?"

"हाव. सकाळपासून."

मागून त्याची आई कुणाला तरी सांगत होती, इळे उद्या घेऊन या, आज मशीन लागून राहिलं.