पोर्शे 550 की ओस्का एमटी4? बॉडी नंतर बघा, आधी इंजिन

शर्यतीसाठी बनलेल्या या दोन जुन्या गाड्या कागदावर सख्ख्या बहिणी वाटतात. दीड लिटर, चार सिलिंडर, 110 हॉर्सपॉवरच्या आसपास, अंगावर हाताने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि दोन्ही शंभराच्या आतच बनलेल्या. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. 2016 मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूडच्या लिलावात एक 550 साधारण 46 लाख पाउंडांना गेली. एमटी4 त्याच्या बरीच खाली मिळते. 550 चालवतानाच अपघातात गेलेल्या हॉलिवूड अभिनेत्या जेम्स डीनच्या नावाचा त्यात वाटा आहेच. पण खरा खर्च गाडी घरी आल्यावर सुरू होतो, आणि तो इंजिन ठरवतं.

550 मधलं, पोर्शेचे इंजिनिअर अर्न्स्ट फुरमान यांचं 547 इंजिन म्हणजे अफाट कारागिरी. बोअर 85, स्ट्रोक 66 मिलिमीटर. व्हॉल्व्ह उघडणारे चार कॅमशाफ्ट, आणि ते फिरवायला साखळी नाही, शाफ्ट आणि बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर. प्रत्येक गिअरमधली फट शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावी लागते. एक जुळवला की पुढचा हलतो, म्हणून नुसत्या टायमिंगलाच सराईत हातांनाही कित्येक तास लागतात. हिर्थ पद्धतीचा क्रँकशाफ्ट तुकड्यांचा, दात एकमेकांत बसवून बोल्टने आवळलेला, रोलर बेअरिंगवर फिरणारा. तो कुरकुरतो कशामुळे? थंड तेलावर रेस दिल्याने, आणि वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ओढल्याने. रोलर आणि त्यांना धरणारे केज झिजतात आणि मग अख्खा क्रँक सुटा करावा लागतो. म्हणून विकणाऱ्याकडे पहिली मागणी ही: क्रँक शेवटचा कधी, कोणी उघडला आणि त्यानंतर इंजिन किती तास चाललं. मग तेल गाळून चकाकणारे कण शोधा आणि गरम इंजिनावर लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची चाचणी) घ्या. नोंद नसेल तर संपूर्ण ओव्हरहॉलचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

ओस्का इटलीतल्या बोलोन्याजवळच्या सान लाझ्झारोची, एर्नेस्तो, एत्तोरे आणि बिंदो या मासेराती बंधूंची. दीड लिटरच्या एमटी4 मध्ये 78 बाय 76 चं, दोन कॅमशाफ्टचं, पाण्याने थंड होणारं इंजिन आहे. जुन्या वळणाचा चांगला मेकॅनिक ते समजू शकतो, हा मोठा दिलासा. बीडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असल्याने दुखणी वेगळी: वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) आतून गंजतं, गॅस्केटजवळ हेड खाल्लं जातं. कूलंट प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेड किंवा ब्लॉक गेलाच तर साचा करून ओतून घेण्यावाचून गत नाही.

ब्रेक दोन्हींना ड्रमचेच. 1954 मध्ये अमेरिकेतली सेब्रिंगची 12 तासांची शर्यत स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉईड यांनी एमटी4 ने जिंकली, तेव्हा शेवटी ब्रेक जवळपास संपले होते. ड्रमचा गोलपणा डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) तपासा.

पत्रा पाहताना तो सांगाड्याच्या पोलादी नळीवर जिथे वळवलाय तिथे बोट फिरवा. रंगाखाली बारीक फुगे, खरवडलं की पांढरी भुकटी: दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. 550 च्या फायबरग्लासच्या नकला उदंड आहेत. तिथे लोहचुंबक उपयोगाचा नाही, कारण तो ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. पत्र्याची आतली बाजू आणि वेल्डिंग पाहा.

इंजिन बदललेलं असणं हा रेसच्या गाडीत दोष नव्हे. एकच चेसिस नंबर मात्र दोन गाड्यांचा म्हणून सांगितला जात असेल, तर मी किमतीची बोलणी तिथेच थांबवीन. चालवायचीच असेल, तर माझं मत ओस्काला.